लाकूड तोडण्यासाठी कोयता कसा निवडावा? लासलगावच्या लोहारापासून कॅम्पच्या चुलीपर्यंत सगळी माहिती

मोबाइलवर रील येते. काळ्या रंगाचा, हातभर लांब सुरा घेतलेला कुणीतरी दोन घावांत झाडाची फांदी तोडतो, त्याच सुऱ्याने सरपण फोडतो आणि लगेच शेकोटी पेटते. खाली खरेदीची लिंक असते. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाने पावसाळा संपताच सातमाळा रांगेत किंवा भंडारदऱ्याला तंबू टाकायचे ठरवले असेल, तर असा एक सुरा आपल्याकडेही हवा असे त्याला वाटू लागते.

खरे तर लासलगावसारख्या गावात या कामाचे हत्यार घरोघरी आहे. निफाड तालुक्यातले हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखले जाते. इथली बाजार समिती १९४७ सालची. आजूबाजूला कांदा आणि द्राक्षाची शेती, त्यामुळे कांद्याची पात कापायचा विळा, बांधावरची बाभूळ छाटायचा कोयता आणि द्राक्षवेलीची छाटणी कैची ही रोजच्या वापरातली अवजारे आहेत. शेती अवजारांच्या दुकानात ती मिळतात आणि रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडीही ती घडवून देतात.

मग कॅम्पसाठी कोणता कोयता घ्यावा? किती लांब, किती जड, कोणत्या पोलादाचा? आणि तो सोबत घेऊन फिरणे कायद्यात बसते का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. पैसे आणि बोटे या दोन्हींइतकाच तो महत्त्वाचा आहे.

आधी काम ठरवा

कॅम्पवर लाकडाची कामे साधारण चार असतात. चुलीपुरते सरपण तोडणे, जाड लाकूड फोडून बारीक करणे, तंबूच्या खुंट्या तासणे आणि वाटेतले काटेरी झुडूप बाजूला करणे. दोन-तीन जणांचा स्वयंपाक आणि चहा यासाठी लागणारे लाकूड बहुतेक वेळा अंगठ्यापासून मनगटापर्यंतच्या जाडीचे असते. त्याहून जाड ओंडका तोडण्याची गरज क्वचितच पडते.

लाकूड कोणते, यावरही बरेच अवलंबून असते. सुबाभूळ आणि शेवगा तुलनेने मऊ. बाभूळ, बोर आणि खैर टणक. वाळलेल्या बाभळीच्या एका घनमीटरचे वजन ८०० किलोच्या आसपास भरते. अशा लाकडावर पातळ पाते मारले की धार मुडपते किंवा तिचा टवका उडतो. ओले लाकूड सहज तुटते, पण जळत नाही आणि धूर करते. चुलीला लागते ते वाळलेले लाकूड, आणि कोयत्याची खरी परीक्षाही त्यावरच होते.

कोणते हत्यार कशासाठी?

शेतकऱ्याचा कोयता. टोकाकडे रुंद आणि पुढे थोडा वाकलेला. वजन टोकाकडे असल्याने घाव जोरात बसतो. वाकलेल्या टोकामुळे फांदी निसटत नाही आणि काटेरी डहाळी ओढूनही घेता येते. सरपण तोडणे, फोडणे आणि झुडूप छाटणे या तिन्ही कामांना चालतो.

ऊसतोडीचा कोयता. दिसायला मोठा, पण पाते पातळ आणि हलके. दिवसभर ऊस तोडताना हात दुखू नये म्हणून तो तसाच बनवतात. ऊस रसाळ असतो, वाळलेली बाभूळ नाही. हा कोयता कॅम्पवर सरपणासाठी घेणे ही नेहमीची चूक आहे.

कोकणातली कोयती. आकाराने लहान. कमरेला आकडी बांधून तिच्यात ती मागे अडकवायची पद्धत आहे, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. काटक्या आणि बारीक फांद्यांसाठी उत्तम.

कुऱ्हाड. जाड ओंडका फोडायचा असेल तर कुऱ्हाडीला तोड नाही. वजन पुढे, दांडा लांब आणि पाते पाचरीसारखे असल्याने ती लाकूड दोन्हीकडे ढकलते. मात्र पाठीवर वाहून नेण्यासाठी जड आणि झुडूप छाटायला निरुपयोगी.

खुकरी. नेपाळचे हे हत्यार मुळात घरचे आणि रानातलेच. जाड पाठ, आतल्या बाजूला वाकलेली धार आणि पुढे आलेले वजन. काम कोयत्यासारखेच करते. मात्र शस्त्रांच्या कायद्यात तिचे नाव थेट घेतलेले आहे, त्याविषयी पुढे येईलच.

मॅशेटी. लॅटिन अमेरिकेत वापरला जाणारा लांब, पातळ सुरा. गवत, वेली आणि हिरव्या फांद्यांसाठी. वाळलेल्या टणक लाकडासाठी नव्हे.

‘सर्व्हायव्हल’ सुरा. पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीत होकायंत्र, कधी दोन्ही बाजूंना धार. दिसायला भारी. पण मूठ पोकळ असली की पाते तिच्यात फारसे खोल जात नाही आणि घाव घालताना नेमके तिथेच तुटण्याची भीती असते. पाठीवरचे दात लाकूड धड कापत नाहीत, उलट फोडताना पाठीवर ठोकायला अडचण करतात. दुसऱ्या बाजूलाही धार असेल तर पाठीवर ठोकताच येत नाही.

घडीची करवत. या यादीतले सर्वांत दुर्लक्षित साधन. मनगटाएवढे वाळलेले लाकूड करवतीने कमी श्रमात कापले जाते, ढलप्या उडत नाहीत आणि हात सुटून पायावर पाते येण्याचा धोका उरत नाही. निफाड तालुक्यात द्राक्षबागा असल्याने छाटणीची करवत आणि कैची सहज मिळते. कॅम्पला जाणाऱ्यासाठी छोटी घडीची करवत आणि मध्यम कोयता ही जोडी एका मोठ्या सुऱ्यापेक्षा जास्त कामाची ठरते. कापायचे काम करवतीने, फोडायचे आणि तासायचे काम कोयत्याने.

लांबी, जाडी आणि वजन किती असावे?

मोठा म्हणजे चांगला, हा समज इथे उपयोगाचा नाही. घावाची ताकद हत्याराच्या वजनावर आणि वेगावर अवलंबून असते. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. फार जड कोयता वेगाने फिरवता येत नाही आणि दहा-पंधरा घावांत हात थकतो. थकलेला हात नेम चुकवतो.

सरासरी बांध्याच्या माणसासाठी पुढील मापे सोयीची पडतात.

- पात्याची लांबी: २५ ते ३० सेंटिमीटर
- पाठीची जाडी: ४ ते ५ मिलिमीटर, मुठीजवळ थोडी जास्त चालेल
- एकूण वजन: ५०० ते ७०० ग्रॅम
- तोल: मुठीच्या पुढे, पात्यावर चार-पाच बोटे अंतरावर

तोल पाहायची रीत सोपी आहे. कोयता बोटावर आडवा ठेवावा आणि कुठे स्थिर राहतो ते पाहावे. तोल मुठीतच येत असेल तर घाव हलका बसेल. फारच पुढे असेल तर मनगट दुखेल.

विकत घेण्याआधी कोयता हातात धरून, आसपास कुणी नाही हे पाहून, हवेत सावकाश पाच-सहा वेळा फिरवावा. मनगटाला ओढ जाणवली तर एक माप लहान घ्यावा.

पाट्याच्या कोयत्याला एवढा भाव का?

लोहाराकडे गेले की ‘पाट्याचा’ हा शब्द हमखास ऐकू येतो. ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा जीप यांच्या कमानीत पोलादी पाटे असतात. गाडीचे वजन पेलत वर्षानुवर्षे वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे, हेच त्यांचे काम. म्हणून ते स्प्रिंग पोलादाचे बनवतात. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम यांसारखे घटक.

कार्बनमुळे पोलाद तापवून थंड केल्यावर कडक होते. स्प्रिंग पोलादाचा दुसरा गुण म्हणजे चिवटपणा. धक्का बसला तर ते वाकून परत येते, काचेसारखे फुटत नाही. लाकूड तोडणाऱ्या हत्याराला नेमके हेच हवे असते. भंगारातला पाटा स्वस्त मिळतो आणि त्यातून उत्तम कोयता घडतो, हे गावोगावच्या लोहारांना अनुभवाने ठाऊक आहे.

साध्या लोखंडी पट्टीचा कोयता यापेक्षाही स्वस्त मिळतो. बांधकामात वापरतात त्या मऊ पोलादात कार्बन फार कमी असतो. कितीही तापवले आणि पाणी दिले तरी ते धार धरण्याइतके कडक होत नाही. असा कोयता पहिल्या दिवशी छान कापतो, दुसऱ्या दिवशी बोथट होतो.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, म्हणून अनेकांना ते आवडते. मासे किंवा भाजी कापायच्या सुरीला ते योग्यच. पण स्वस्त स्टेनलेस सुऱ्यांत पाते एक तर मऊ राहते नाही तर ठिसूळ होते. टणक लाकडावर घाव घालण्यासाठी त्याच पैशात पाट्याचा कोयता जास्त भरवशाचा.

‘पाणी देणे’ म्हणजे काय?

कोयता चांगला की वाईट हे पोलादाइतकेच त्याला दिलेल्या पाण्यावर ठरते. पाटा भट्टीत लाल करून, ऐरणीवर घणाने ठोकून त्याला आकार देतात. घिसाडी कुटुंबांत भट्टीजवळ पुरुष सांडशीने लोखंड धरून बसलेला आणि समोर उभी बाई घण मारते आहे, हे दृश्य महाराष्ट्रात अनेकांनी पाहिले असेल. आकार झाला की पाते पुन्हा तापवतात. चुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर, पोलादाची आतली रचना बदलते. त्या अवस्थेत ते झटकन थंड केले की कडक होते. हेच पाणी देणे.

एवढ्यावर थांबले तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते. म्हणून ते पुन्हा हलके तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढताना दिसतात. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्याला पाते जास्त कडक राहते, निळ्याकडे जाताना चिवटपणा वाढतो. कोयत्यासाठी तपकिरी ते जांभळा या दरम्यान थांबणे सोयीचे, कारण धारही टिकते आणि पाते तुटतही नाही. कुशल लोहार फक्त धारेची बाजू कडक करतो आणि पाठ मऊ ठेवतो.

स्प्रिंग पोलाद पाण्यात एकदम बुडवले तर तडे जाऊ शकतात. त्यामुळे अनेक कारागीर त्यासाठी तेल वापरतात. ऑर्डर देऊन कोयता घडवून घेताना ‘पाणी तेलात देणार की पाण्यात, आणि पुन्हा उतरवणार का?’ एवढे विचारले तरी समोरचा कारागीर किती जाणकार आहे हे कळते.

विकत घेताना सहा गोष्टी तपासा

१. आवाज. कोयता मुठीत सैल धरून पाठीवर दुसऱ्या लोखंडाने हलकेच टिचकी मारावी. स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर चांगले. बद्द आवाज आला तर तडा किंवा सैल मूठ असू शकते.

२. तडे. जुना पाटा वर्षानुवर्षे वाकून थकलेला असतो, त्यात केसाएवढे तडे असू शकतात. पात्यावर रॉकेल किंवा पातळ तेल लावावे, पाच मिनिटांनी कोरडे पुसावे आणि वर खडू घासावा. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ दिसते.

३. कानस. धारेजवळ नवी कानस हलक्या हाताने फिरवावी. लोण्यासारखी रुतली तर पोलाद मऊ आहे. पूर्ण घसरली तर पाते फार कडक, टवके उडतील. किंचित रुतून किंचित घसरली तर पाणी बरोबर बसले आहे.

४. लवचिकपणा. टोक लाकडी फळीवर टेकवून पाते अगदी थोडे वाकवावे. सोडल्यावर सरळ झाले पाहिजे. वाकलेलेच राहिले तर ते परत ठेवावे.

५. निळे डाग. ग्राइंडरवर धार काढताना पाते फार तापले तर धारेवर निळसर डाग दिसतो. त्या जागी पाणी उतरलेले असते आणि धार तिथे लवकर जाते.

६. लाकडावर चाचणी. दुकानदार किंवा लोहार तयार असेल तर वाळलेल्या बाभळीच्या तुकड्यावर पाच घाव घालून पाहावेत. मग धार उजेडाकडे धरावी. चांगली धार चमकत नाही. चमकती रेघ दिसली तर धार मुडपली आहे.

मूठ कशी असावी?

कोयत्याचे अपघात पात्याइतकेच मुठीमुळेही होतात. पात्याचा मागचा निमुळता भाग, ज्याला शेपटी म्हणतात, मुठीत पूर्ण लांबीने गेलेला असावा. शेवटी तो बाहेर काढून वळवलेला किंवा रिव्हेटने पक्का केलेला असावा. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी हवी, नाही तर घावाच्या धक्क्याने लाकूड चिरते. शेपटी वेल्डिंगने जोडलेली असेल तर तो कोयता घेऊ नये. सांध्यापाशी तो कधीही सुटू शकतो आणि सुटलेले पाते समोर बसलेल्या माणसाकडे जाते.

मूठ पकडल्यावर बोटांची टोके तळहाताला टेकण्याच्या बेतात असावीत. फार बारीक मूठ हातात फिरते, फार जाड मुठीने पंजा दमतो. शेवटी थोडा फुगवटा असेल तर घामेजलेल्या हातातून कोयता निसटत नाही. बाभूळ, शिसव किंवा बोरीच्या लाकडाची मूठ टिकाऊ. वर्षातून दोनदा जवसाचे तेल चोळले की ती चिरत नाही.

कायदा काय सांगतो?

ऑनलाइन सुरा मागवण्याआधी वाचायचा भाग हा आहे.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात धारदार शस्त्रे येतात. तलवार, खंजीर, भाला, कृपाण व खुकरीसह सुरे, आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची अशीच इतर शस्त्रे त्यात आहेत. नऊ इंच म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर, दोन इंच म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे यातून वगळलेली आहेत. कायद्याच्या कलम ४ नुसार सरकारने अधिसूचित केलेल्या भागात अशी शस्त्रे बाळगायला परवाना लागू शकतो.

वगळलेल्या कामांत ‘कॅम्पिंग’ हा शब्द नाही. त्यामुळे शेतीचा कोयता मापाने मोठा असला तरी तो शेतीचे अवजार म्हणून ओळखला जातो. उलट दोन धारांचा, टोकदार, ‘टॅक्टिकल’ नावाने विकला जाणारा दहा इंची सुरा घर, शेत किंवा कारखान्याच्या कामाचा आहे हे पटवून देणे अवघड जाते. संकेतस्थळावर एखादी वस्तू विकली जाते, एवढ्याने ती बाळगणे कायदेशीर ठरत नाही.

शेतीचा कोयता असला म्हणजे तो कुठेही मिरवता येतो, असेही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ नुसार पोलीस व जिल्हा प्रशासन ठरावीक काळासाठी शस्त्रे, सुरे, काठ्या सोबत बाळगायला बंदी घालू शकते. सण, निवडणुका, यात्रा किंवा तणावाच्या काळात असे आदेश निघतात आणि ते मोडल्यास कलम १३५ खाली शिक्षा होते. गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हा शब्द बातम्यांत रुळल्यापासून पोलिसांची नजर या हत्यारावर जास्त असते. हातात कोयता घेऊन काढलेली रील हाच पुरावा ठरू शकतो.

म्हणून प्रवासात कोयता म्यानात घालून, गोणपाटात बांधून सामानाच्या तळाशी किंवा गाडीच्या डिकीत ठेवावा. दुचाकीच्या हँडलला किंवा कमरेला लटकवू नये. खरेदीची पावती जपून ठेवावी. विमानप्रवासात तो हातातल्या सामानात नेता येत नाही.

जंगलात कोयता चालतो का?

नाशिककरांच्या आवडत्या जागांपैकी भंडारदरा, रतनगड आणि हरिश्चंद्रगड हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. लासलगाव ज्या निफाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, राज्यातले पहिले रामसर स्थळ. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरेही येतात. कलम ३० आग लावण्याला मनाई करते.

राखीव जंगलात भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार झाड तोडणे आणि विस्तव पेटवणे गुन्हा आहे. खासगी जमिनीवरही सगळी झाडे मोकळी नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, चिंच, फणस, जांभूळ यांसारखी झाडे आहेत. ती मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

मग कोयता वापरायचा कुठे? ओळखीच्या शेतात, मालकाची परवानगी असलेल्या कॅम्पवर, खाली पडलेल्या किंवा छाटून टाकलेल्या लाकडावर. द्राक्षपट्ट्यात तर सरपणाची सोय शेतकऱ्याच्या बांधावरच असते. एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांचे ढीग पडतात. वाळलेल्या काड्या चूल पेटवायला उत्तम. एखाद्या शेतकऱ्याला विचारून गोणीभर काड्या नेल्या तर झाडाला हात लावायची गरजच उरत नाही. अभयारण्याच्या परिसरात मुक्काम असेल तर गॅसचा छोटा स्टोव्ह न्यावा आणि कोयता घरीच ठेवावा.

वापरताना काय पाळावे?

- हात आणि कोयता पसरून जेवढे वर्तुळ होते, त्यात कुणीही नसावे. लहान मुले तर अजिबात नकोत.
- लाकूड जमिनीवर न ठेवता जाड ओंडक्यावर ठेवावे. घाव चुकला तर पाते ओंडक्यात रुतते, दगडावर किंवा पायावर येत नाही.
- उभ्याने घाव घालताना चुकलेले पाते सरळ नडगीवर येते. छोटे लाकूड गुडघे टेकून तोडणे जास्त सुरक्षित.
- घाव सरळ खाली न घालता तिरका घालावा. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घातला की खाच पडते आणि लाकूड लवकर तुटते.
- फोडताना दुसऱ्या हाताने लाकूड धरून त्यावर घाव घालू नये. पाते लाकडाच्या टोकावर ठेवून पाठीवर जाड लाकडी दांडक्याने ठोकावे. दगड किंवा हातोडी वापरू नये.
- चपला घालून काम करू नये, बूट हवेत. कोयत्याच्या हाताला हातमोजा निसरडा होत असेल तर तो काढावा, लाकूड धरणाऱ्या हाताला मात्र असावा.
- अंधारात, थकल्यावर किंवा दारू प्यायल्यावर कोयता हातात घेऊ नये.
- सरपणाच्या ढिगात थेट हात घालू नये. घोणस, फुरसे, मण्यार आणि विंचू यांना अशी जागा आवडते. आधी काठीने लाकूड हलवावे.

कुंपणाच्या झाडांबाबतही सावध राहावे. कण्हेर विषारी असते, तिच्या लाकडाचा धूरही बाधतो, त्यामुळे ती चुलीत घालू नये. शेर आणि रुई तोडली की दुधासारखा चीक उडतो. तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते.

कोयता लागला तर?

स्वच्छ कापड जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरावे आणि जखमेचा भाग शक्य असल्यास छातीपेक्षा उंच ठेवावा. कापड भिजले तर ते न काढता वरून दुसरे ठेवावे. जखमेत हळद, माती किंवा चहाची पूड भरू नये. जखम खोल असेल, बोट हलत नसेल किंवा दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल तर लगेच रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जखम छोटी असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

धार आणि निगा

लाकडाच्या कोयत्याला दाढीच्या पात्यासारखी धार नको. ती पहिल्याच घावात जाते. दोन्ही बाजूंनी २० ते २५ अंशांचा उतार पुरेसा. पाट्याच्या कोयत्याला कानस चालते, ही त्याची मोठी सोय आहे. कानशीने दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात, मग ओल्या दगडावर फिरवून धार साफ करावी. ग्राइंडर वापरायचाच असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवावे. बोटांना चटका बसेल इतके ते तापू देऊ नये.

काम झाले की पाते पुसून कोरडे करावे आणि खोबरेल किंवा यंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. ओल्या म्यानात ठेवलेला कोयता एका रात्रीत गंजतो. जाड कॅनव्हास किंवा चामड्याचे म्यान चांगले. ते नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी धारेवर चढवून दोरीने बांधता येते. खंडेनवमीला अवजारे घासून, पुसून त्यांची पूजा करायची रीत आहे. मूठ सैल झाली का, तडा गेला का हे पाहण्यासाठी तो दिवस चांगला.

थोडक्यात

कॅम्पसाठी २५ ते ३० सेंटिमीटर पात्याचा, ५०० ते ७०० ग्रॅम वजनाचा, पाट्याच्या पोलादाचा, एका धारेचा शेतीचा कोयता घ्यावा. सोबत छोटी घडीची करवत ठेवावी. खरेदीआधी आवाज, तडे, कानस आणि मूठ तपासावी. प्रवासात तो बांधून ठेवावा, अभयारण्यात नेऊ नये. आणि उभ्या झाडाऐवजी छाटणीचे, पडलेले लाकूड वापरावे.

रीलमधला काळा सुरा दोन घावांत फांदी तोडतो, ते खरे असेलही. पण तो कुठल्या झाडावर चालला, कुणाच्या परवानगीने आणि पन्नासाव्या घावाला त्याच्या मुठीचे काय झाले, हे रीलमध्ये दिसत नाही. लोहाराकडे जाऊन कोयता हातात घेतला की यातल्या बऱ्याच गोष्टी विकत घेण्याआधीच कळतात.